दंगलग्रस्तांसाठी वस्तीत काय सुरू करावं: कागद, कथन की कमिटी?

गेल्या महिन्यात जोगेश्वरी पूर्वेच्या एका मंडळाचे चौघे कार्यकर्ते भेटायला आले. मंडळाची खोली आहे, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ती मोकळी असते. चौघांत एक निवृत्त कोर्ट क्लार्क, दोन शिक्षिका आणि समाजकार्य शिकलेली एक तरुण मुलगी. प्रश्न सरळ होता. १९९२-९३ च्या दंगलीत ज्यांचं माणूस गेलं, घर जळलं, ती माणसं अजून आसपास राहतात. कोणी मुंब्र्याला गेलं, कोणी विरारला, पण रमजानला आणि गणपतीत जुन्या गल्लीत येऊन जातात. तीस वर्षांनंतर त्यांच्यासाठी काही करायचं तर सुरुवात कुठून करावी?

त्यांच्यापुढे तीन सूचना होत्या. एकाचं म्हणणं, अडकलेली भरपाई आणि कागदपत्रं मार्गी लावू. दुसरीचं म्हणणं, जनसुनवाई घेऊ, लोकांना बोलू देऊ. तिसरीला मोहल्ला कमिटी, म्हणजे दोन्ही समाजांच्या माणसांनी पोलिसांसोबत नियमित बसायची समिती, पुन्हा उभी करायची होती. त्या दिवशी तोंडी बरंच बोलणं झालं. ज्या गटांना हाच पेच पडला असेल त्यांच्यासाठी आता सविस्तर लिहिते आहे.

पुस्तकी भाषेत या सगळ्याला संक्रमणकालीन न्याय म्हणतात. हिंसा थांबल्यावर मागे राहिलेल्यांचं देणं चुकतं करणं, असं मी साध्या भाषेत म्हणेन. काय घडलं ते खरं खरं मांडलं जावं, ज्याने केलं त्याला जाब विचारला जावा, गेलेल्याची भरपाई मिळावी आणि ते पुन्हा घडू नये. यातलं जे काम कोर्ट आणि सरकारकडून होत नाही किंवा अर्धवट राहतं, त्यातला आपल्याला झेपेल तेवढा वाटा वस्तीने उचलायचा.

मुंबईत किती अर्धवट राहिलंय ते आधी पाहू. दंगलीच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये ९०० माणसं मेली. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ इतर. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत आणखी २५७ जण गेले. स्फोटांचा खटला टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या विशेष कोर्टात चालला आणि शंभर जणांना दोषी ठरवलं गेलं. दंगलीचं काय झालं ते ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. २५३ खटल्यांपैकी ६ मध्ये शिक्षा झाली, ११४ मध्ये आरोपी सुटले आणि ९७ खटले आरोपी फरार असल्याने नुसते पडून होते. अनेक गुन्हे तर कोर्टापर्यंत पोचलेच नाहीत, पोलिसांनी ‘अ समरी’ करून फाइल बंद केली. म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडला नाही. ज्याच्या डोळ्यांदेखत शेजाऱ्याने दार फोडलं त्याला हा कागद हातात घेताना काय वाटत असेल?

हे आकडे मी चौघांसमोर ठेवले, कारण तुमच्या खोलीत दोन्हीकडची माणसं येणार आहेत. एकाच बाजूची आली तर आपलं काहीतरी चुकतंय असं समजा.

कागदाची वाट

ही सगळ्यात रुक्ष वाटते, म्हणून तरुण कार्यकर्ते तिच्याकडे वळत नाहीत. मला मात्र तीच पहिली वाटते.

त्याच निकालातली आणखी एक गोष्ट. दंगलीत १६८ माणसं बेपत्ता झाली. त्यातल्या ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली, १०८ जणांच्या नाही. कारण काय, तर घरच्यांचा पत्ता लागत नाही किंवा त्यांनी सोपस्कार पूर्ण केले नाहीत. न्यायालयाने या १०८ कुटुंबांना प्रत्येकी दोन लाख रुपये आणि त्यावर १९९९ पासून ९ टक्के व्याज द्यायला सांगितलं. त्यावर लक्ष ठेवायला महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमायला लावली. आता विचार करा, सरकारला जो पत्ता सापडत नाही तो कोणाला ठाऊक असतो? जुन्या चाळीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याला, मशिदीबाहेरच्या अत्तरवाल्याला, तुमच्या आईला. ‘ती होय, ती आता कौसाला राहते लेकीकडे,’ हे वाक्य फक्त वस्तीच बोलू शकते.

अशाच एका बाईंकडे मी मुंब्र्याला गेले होते. त्यांनी तांदळाच्या डब्याखालून एक पिशवी काढली, साडीच्या दुकानाची. आत १९८९ ची भाडेपावती, रेशनकार्डाचं फाटकं पान, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची झेरॉक्स. झेरॉक्सवरची शाई इतकी फिकट झाली होती की उजेडाकडे तिरकी धरल्यावर कुठे अक्षरं दिसायची. नवऱ्याचं नाव एका कागदावर नुसतं, दुसऱ्यावर वडिलांच्या नावासकट, तिसऱ्यावर पुढे शेख लावलेलं. एका कार्यालयात त्यांना सांगितलं गेलं होतं की ही तीन वेगळी माणसं आहेत. त्या परत आल्या आणि पुन्हा गेल्याच नाहीत. हे बोलताना त्या तक्रार करत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. पिशवी मात्र त्यांनी आमच्या हातात दिली नाही. एकेक कागद स्वतः काढून दाखवला आणि स्वतःच आत ठेवला.

या कामाला वकील पहिल्या दिवशी लागत नाही. लागतो तो तुमच्यातला निवृत्त क्लार्क. तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र, जुन्या शेजाऱ्यांचे जबाब, वारसांची यादी. ज्या माणसाचं सात वर्षं, ज्यांना त्याची खबर असायला हवी त्यांनाही, काहीच कळलेलं नाही, तो मेला असं कोर्ट धरून चालू शकतं. पुराव्याच्या कायद्यात ही तरतूद जुनी आहे. पण त्यासाठी कोणीतरी अर्ज करावा लागतो. तो न केल्यामुळे मृत्यू दाखला नाही, दाखला नाही म्हणून खोली नावावर होत नाही आणि बँकेतले पैसे निघत नाहीत. नवरा मेला असं म्हणायला मन धजत नाही म्हणूनही काही बायका अर्ज करत नाहीत. त्यांना घाई करू नका. तो दाखला मागणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने त्याला स्वतःच्या हाताने पुरणं असतं.

पुढे वकील लागलाच तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ लक्षात ठेवा. सगळ्या स्त्रियांना आणि वांशिक हिंसाचार किंवा जातीवरून होणाऱ्या अत्याचारात सापडलेल्यांना मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यासाठीचा फोन क्रमांक. बेपत्तांच्या भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

या वाटेची खोट अशी की ती लांब आहे. वर्ष-दोन वर्षं हाती काहीच लागत नाही. आणि पैसे मिळाले तरी हल्ला करणाऱ्यांनी काय केलं ते कोणी कबूल करत नाही. एका काकांचा मुलगा गोळीबारात गेला. भरपाईचा चेक मिळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, ‘ताई, आता सगळे म्हणतील हिशेब मिटला.’

कथनाची वाट

जनसुनवाई मुंबईला नवी नाही. सरकारी आयोगाचं काम चालू असतानाच, १९९३ मध्ये, निवृत्त न्यायमूर्ती दाऊद आणि सुरेश यांनी लोकांच्या बाजूने स्वतंत्र चौकशी केली होती आणि वस्त्यावस्त्यांतल्या माणसांचं ऐकून घेतलं होतं. सरकारी आयोग १९९६ मध्ये मध्येच गुंडाळला गेला, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झाला आणि अहवाल १९९८ मध्ये आला. त्या काळात ज्यांचं कोणीतरी बसून ऐकलं, त्यांना ते आजही आठवतं. त्यामुळे ‘लोकांना बोलू द्या’ या सूचनेत दम आहे.

पण बाहेरच्या देशांचा अनुभव नीट वाचला पाहिजे. आपल्या सभांमध्ये त्याचा गोड अर्धाच भाग सांगितला जातो.

पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये अकरा वर्षं यादवी चालली, ती २००२ मध्ये संपली. पुढे ‘फंबुल टॉक’ नावाची चळवळ गावोगाव गेली. तिथल्या क्रिओ भाषेत त्याचा अर्थ कुटुंबातलं बोलणं. रात्री गावाच्या मधोमध शेकोटी पेटवायची, ज्याच्यावर अत्याचार झाला त्याने उभं राहून सांगायचं, ज्याने केला त्याने कबूल करून माफी मागायची. ऐकताना अंगावर काटा येतो. संशोधकांनी दोनशे गावांची तुलना केली. काही गावांत हा विधी झाला होता, काहींत नाही. अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. विधी झालेल्या गावांत माफ करण्याची वृत्ती वाढली, माणसं एकमेकांच्या जवळ आली, गावाच्या कामांत जास्त हातभार लावू लागली. पण त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि जुन्या आघाताचा त्रासही वाढलेला होता, आणि तो अडीच वर्षांनंतरच्या पाहणीतही दिसला. गावाला बरं वाटलं, त्याची किंमत बोलणाऱ्याने मोजली.

रवांडाची गोष्टही तशीच. १९९४ च्या नरसंहारानंतर तुरुंग इतके भरले की नेहमीच्या कोर्टांना ते खटले संपवणं शक्यच नव्हतं. मग ‘गचाचा’ उभी राहिली. गवतावर बसायची जुनी गावपंचायत आता कायद्याने कोर्ट झाली. सुमारे बारा हजार कोर्टं, गावाने निवडलेले पंच, दहा लाखांहून जास्त खटले, २०१२ मध्ये समारोप. कोणाला कुठे पुरलं ते हजारो घरांना तिथेच कळलं, हे मोठं देणं आहे. पण साक्ष देणाऱ्यांची मानसिक प्रकृती साक्ष न देणाऱ्यांपेक्षा जास्त ढासळलेली आढळली, आणि नरसंहार थांबवून सत्तेवर आलेल्या बाजूच्या सैनिकांचे गुन्हे त्या गवतावर आलेच नाहीत.

हे मी नुसतं वाचून शिकले नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका सभागृहात कार्यक्रम घेतला होता. एक बाई पहिल्यांदाच माइकवर बोलल्या. घर कसं पेटलं, पोरांना मागच्या खिडकीतून कसं खाली सोडलं. सभागृह रडलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आम्ही त्यांना रिक्षात बसवलं आणि खुर्च्या आवरायला लागलो. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. आई आठ दिवस गॅसजवळ गेली नव्हती. काडी पेटवायची वेळ आली की हात थरथरायचे. त्या आठ दिवसांत आमच्यातलं कोणीही त्यांच्या घरी गेलं नव्हतं.

म्हणून माझी अट कडक आहे. जनसुनवाईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आठव्या दिवशी आणि पुढे सहा महिने दर महिन्याला त्या घरी कोण जाणार, हे नावानिशी ठरलं असेल तरच माइक लावा. त्यापेक्षा बरं, माइक लावूच नका. पाच-सहा जणींची बैठक, सतरंजीवर, कॅमेरा बाहेर ठेवून. जिला फक्त ऐकायचंय तिने फक्त ऐकावं. टिपलेलं कुठे जाणार ते आधी सांगायचं आणि ‘माझं काढून टाका’ म्हटलं की त्याच दिवशी काढायचं. टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक खोलीत मोठ्या अक्षरांत लावा. तिथे मराठीतून बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. पण तो क्रमांक म्हणजे घरी जाण्याची सुटका नव्हे.

कमिटीची वाट

या वाटेचा आपल्याकडचा इतिहास अभिमानाचा आहे. १९८४ ला भिवंडीत मोठी दंगल झाली. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या बांधल्या, दोन्ही समाजांची साधी माणसं पोलिसांसोबत नियमित बसवली. डिसेंबर १९९२ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तो धडा घेऊन १९९४ मध्ये निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मुंबईत मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी केलेलं ‘हम सब एक हैं’चं पोस्टर, चार धर्मांच्या वेशातली चार पोरं, अनेकांना आठवत असेल.

कमिटीचं बळ अफवा मारण्यात आहे. मिरवणुकीच्या आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर काही फिरायला लागलं की ‘थांब, मी स्वतः जाऊन बघतो’ म्हणणारा माणूस दोन्ही गल्ल्यांत असणं, याला तोड नाही. आणि दोन्ही गल्ल्यांची एकमेकांशी ओळख गटार, पाणी, पोरांचं क्रिकेट अशा कामांतूनच होते.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलते. ही वाट पुढची दंगल टाळण्याची आहे. मागच्या दंगलीत होरपळलेल्यांच्या वाट्याला ती फारशी येत नाही. कमिटीत सहसा कोण बसतं ते आठवा. दुकानदार, मंडळाचे अध्यक्ष, ट्रस्टी, निवृत्त पोलीस. धुणीभांडी करणारी विधवा त्या खुर्चीवर नसते. असली तरी, ज्याचं नाव तिने जबाबात घेतलं होतं त्याचा भाऊ समोर बसलेला असू शकतो. मग ‘मागचं उकरून काढू नका’ हे वाक्य येतं आणि शांततेच्या नावाखाली तिलाच गप्प बसवलं जातं. म्हणून कमिटी करा, पण तिला दंगलग्रस्तांचं काम म्हणू नका.

वस्तीने काय मिटवावं, काय मिटवू नये

तिन्ही वाटांवर कधीतरी कोणीतरी म्हणतंच, आपसात मिटवून टाकू. इथे पूर्व तिमोरची पद्धत मला फार शहाणी वाटते. इंडोनेशियाच्या ताब्यातून सुटल्यावर तिथल्या सत्यशोधन आयोगाने गावागावांत समेटाच्या बैठका घेतल्या. मोठी चटई अंथरायची, वाद संपेपर्यंत ती गुंडाळायची नाही, हा तिथला जुना रिवाज. १,३७१ जणांनी त्या चटईवर बसून आपली करणी सांगितली, माफी मागितली, कोणी घर बांधून दिलं, कोणी गावासाठी राबलं. पण तिथे फक्त जाळपोळ, चोरी, मारहाण असे गुन्हे घेतले जायचे. खून आणि बलात्कार नाहीत. प्रत्येक जबाब आधी सरकारी वकिलांच्या नजरेखालून जायचा आणि शेवटी करार जिल्हा कोर्टात नोंदवला जायचा.

आपल्या कायद्यातही खून आणि बलात्कारात तडजोड चालत नाही. त्यामुळे अशा बाबतीत तुमच्या खोलीत ‘समेट’ हा शब्दही उच्चारू नका. कोणाची सायकल, कोणाच्या शिलाई मशिनचे पैसे, कोणाच्या दुकानाचा गाळा, हे शेजाऱ्यांना आपसात बोलता येईल, तेही ज्याचं गेलं त्याने स्वतः मागितलं तर.

मग निवड कशी करायची

चौघांनी विचारलं, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून सांगा. पैशाच्या हिशेबात कागदाची वाट स्वस्त आहे: झेरॉक्स, शपथपत्रं, रिक्षाभाडं, चहा. कमिटीला पैसे जवळपास लागत नाहीत, पण वट असलेली माणसं लागतात. कथनाला सभागृह महाग पडत नाही, नंतरची सोबत महाग पडते आणि देणगीदार तिच्यासाठी पैसे देत नाहीत. वेळेच्या बाबतीत कमिटी सहा महिन्यांत उभी राहते, कागदाला दोन-तीन वर्षं लागतात. धोका सगळ्यात जास्त कथनात आहे आणि तो पूर्णपणे त्या बाईच्या अंगावर पडतो, आपल्या नाही. हा मुद्दा माझ्या दृष्टीने बाकी सगळ्यांपेक्षा जड आहे.

म्हणून जोगेश्वरीच्या गटाला मी कागद सांगितला. एक कारण असं की त्यांच्याकडे क्लार्क आहे. दुसरं आणि मोठं कारण असं की कागदाच्या निमित्ताने एकाच घरात वीस वेळा जाता येतं. शपथपत्रावर सही, नाव चुकलं म्हणून पुन्हा सही, तारीख पडली ते सांगायला, तारीख पुढे गेली ते सांगायला. सातव्या-आठव्या खेपेला चहा न विचारता समोर येतो, आणि कधीतरी बाई आपणहून म्हणते, त्या दिवशी काय झालं माहितीय का. असं आलेलं कथन तिचं स्वतःचं असतं. तेव्हा वही बंद करून ऐका.

तुमच्या भागात आत्ता, या महिन्यात तणाव असेल तर मात्र कमिटी आधी. त्यात मी वाद घालणार नाही. आणि घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरसारख्या ठिकाणी, जिथे ११ जुलै १९९७ ला पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली आणि वस्ती दरवर्षी त्यांना अभिवादन करते, तिथे नवं काही सुरू करण्याआधी त्या दिवशी नुसतं जाऊन मागे उभं राहा. त्यांची रीत त्यांनी घडवली आहे, ती शिकून घ्या.

तरुण मुलीला हे पटलं नाही, हेही सांगते. ती म्हणाली, कागद होईपर्यंत म्हातारी माणसं जातील, त्यांचं ऐकायचं राहून जाईल. तिचं म्हणणं खोटं नाही. म्हणून आम्ही ठरवलं की सत्तरीपुढच्यांकडे ती आणि एक शिक्षिका आधी जातील, दोघींनीच, आणि ज्याला बोलायचंय त्याचं ऐकतील. नंतर त्या घरी कोण कधी जाणार याची वही तिच्याच नावावर राहील.

पहिल्या भेटीला काय न्यायचं तेवढं लिहून थांबते. कोरी दोनशे पानी वही, दोन पेनं, अंगठ्यासाठी शाईचा पॅड आणि पुसायला फडकं. मूळ कागद ताब्यात घ्यायचे नाहीत. त्या घरच्या माणसाला सोबत घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढायच्या आणि मूळ प्रत त्याच्याच हातात राहू द्यायची. फिकट कागदाचा फोटो हवा असेल तर विचारून, दिवसाउजेडी, खिडकीपाशी काढायचा. संध्याकाळी पाचच्या आत जा, कारण त्यानंतर पाणी येतं.